तारखेनंतरच्या रमाबाई

आपल्याकडे धर्मांतर म्हणजे एक तारीख असते. तारखेच्या अलीकडचा माणूस वेगळा, पलीकडचा वेगळा. रेव्हरंड टिळक म्हटलं की १० फेब्रुवारी १८९५, पंडिता रमाबाई म्हटलं की २९ सप्टेंबर १८८३. माझ्या धंद्याच्या भाषेत याला बुलियन म्हणतात. हो किंवा नाही, मधलं काही नाही. चरित्रकोशातल्या नोंदी अशाच असतात, आणि सव्वाशे वर्षं चाललेली भांडणंही त्याच एका तारखेभोवती फिरतात. का केलं, कुणी करायला लावलं, त्यातून काय मिळालं. त्या तारखेनंतर माणसाच्या श्रद्धेचं पुढे काय झालं, ती वाढली, वाकली की सुकली, हे सहसा कुणी विचारत नाही.

खुद्द ख्रिस्ती परंपरेत मात्र हाच प्रश्न मोठा आहे. बाप्तिस्मा हा तिथे नवा जन्म मानतात आणि जन्मलेलं मूल कायम मूल राहून चालत नाही. नव्या करारातल्या पत्रांमध्ये दूध आणि जड अन्न हे रूपक पुन्हा पुन्हा येतं: किती दिवस दुधावर राहणार, जड अन्न कधी पचवणार? आध्यात्मिक वयात येणं म्हणजे काय, यावर त्या धर्मात दोन हजार वर्षं काथ्याकूट चालला आहे. आपल्याला हे अगदीच परकं नाही. माझी आजी वारकरी होती. माळ घालायला एक सकाळ पुरते, माळेला जागायला जन्म लागतो, असं ती म्हणायची.

रमाबाईंकडे मी या बाजूनं पाहायला लागले ते त्यांची पत्रं वाचल्यावर. त्यांच्या इंग्रजी पत्रव्यवहाराचं एक जाडजूड पुस्तक महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली काढलं. ही पत्रं गोळा करून ठेवली सिस्टर जेरल्डीन या इंग्रज संन्यासिनीनं. गंमत अशी, की त्यातली सगळ्यात धारदार पत्रं तिच्याच विरोधात लिहिलेली आहेत. ती लिहिली तेव्हा रमाबाई सत्तावीस वर्षांच्या होत्या. म्हणजे आज मी आहे जवळपास त्याच वयाच्या. विषय एकच होता: तुझी श्रद्धा अजून कच्ची आहे, हे ठरवायचं कुणी?

*

पत्रांपर्यंत येण्याआधीचं थोडक्यात सांगते, कारण ते नसेल तर पत्रांतला ताठा कळत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या ‘गुन्ह्या’चा जाब त्यांना उडुपीच्या धर्मसभेपुढे द्यावा लागला. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळांतून पुराणं सांगत देशभर फिरलं. जवळ होतं नव्हतं ते व्रतं, दानं आणि दक्षिणा यांत गेलं. पुण्य साठत होतं, धान्य संपत होतं. १८७४ च्या दुष्काळात आधी वडील, मग आई, मग मोठी बहीण अशी माणसं गेली. उरलेले दोघे, रमा आणि भाऊ श्रीनिवास, पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जात ओलांडून नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मुलगी झाली, मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं नवराही गेला. सिल्चरच्या त्या घरात नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाचं बंगाली भाषांतर सापडलं होतं. ते त्यांनी आवडीनं वाचलं आणि नवऱ्याला ते मुळीच आवडलं नाही, हे त्यांनीच नंतर लिहून ठेवलंय.

मग पुणं. आर्य महिला समाज, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक, हंटर आयोगापुढची साक्ष, हे सगळं १८८२ या एका वर्षातलं. पुस्तकाच्या पैशांतून १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज इथल्या सेंट मेरी संघाच्या संन्यासिनींकडे राहिल्या. याच संघाचं काम पुण्यात पंचहौद भागात होतं, तिथली ही ओळख. राहण्याजेवण्याच्या मोबदल्यात हिंदुस्थानात जाणाऱ्या सिस्टरांना मराठी शिकवायचं, असा सौदा होता. फुकटचं त्यांना नको होतं.

बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजमध्ये आत्महत्या केली. आपल्याला बळजबरीनं बाटवतील, या धास्तीनं त्या खचल्या होत्या. त्यानंतर थोड्याच दिवसांनी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. असा घाव सोसलेल्या बाईच्या निर्णयाबद्दल कुणी ठामपणे बोलावं, असं मला वाटत नाही. त्यांनी स्वतः दिलेलं कारण मात्र नोंदवायला हवं. लंडनच्या फुलहॅम भागात या सिस्टरांनी ‘पतित’ स्त्रियांसाठी चालवलेलं घर त्यांनी पाहिलं. समाजानं ओवाळून टाकलेल्या बायकांना इथे माया मिळते, हे कुठून येतं, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. दुष्काळात स्वतःचं घर वाहून गेलेल्या बाईला ती गोष्ट लागली.

इकडे गदारोळ झाला. ज्योतीराव फुल्यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’मध्ये रमाबाईंची बाजू घेतली. पण फुले असोत की त्यांचे विरोधक, सगळे बोलत होते तारखेबद्दल. रमाबाई तोवर तारखेच्या पुढे निघून गेल्या होत्या आणि वेगळ्याच लढाईत सापडल्या होत्या.

*

ही लढाई चर्चच्या आतली होती.

बाप्तिस्म्यानंतर रमाबाई चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कानांनी साथ दिली नाही; त्यांना ऐकू कमी येत असे. तिथे त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचं छान जमलं, कारण बीलबाई शंकेला घाबरत नसत. वाँटेजच्या सिस्टर जेरल्डीन मात्र स्वतःला रमाबाईंची आध्यात्मिक आई मानत होत्या आणि आईला लेकीची शंका सहन होत नव्हती. रमाबाई त्यांना पत्रात लाडानं ‘आजीबाई’ म्हणत, म्हणजे मनोरमेची आजी. पण त्याच पत्रांत पुढे वादही घालत.

वादाचे मुद्दे ऐकायला किरकोळ वाटतात. रमाबाई शाकाहारी होत्या आणि तशाच राहिल्या. जेरल्डीनना त्यात जातीचा उरलेला अहंकार दिसला. इंग्रज तरुणांना रमाबाईंनी शिकवावं असा बेत निघाला, तर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली: हिंदी स्त्रीनं पुरुषांना शिकवलं तर तिकडे गैरसमज होईल. भर सभेत शास्त्र्यांसमोर उभं राहून बोललेल्या बाईला हे इंग्लंडमध्ये ऐकावं लागत होतं. मग आलं त्रैक्य. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन असून एक कसे, हे आपल्याला पटत नाही, असं रमाबाईंनी सरळ लिहिलं. अथानासियसच्या नावानं ओळखला जाणारा मतांगीकार म्हणायला त्यांनी नकार दिला, आणि चारपाच वर्षांच्या मनोरमेला हे गूढ शिकवू नये, असंही बजावलं.

जेरल्डीनचं म्हणणं असं की ही सगळी लक्षणं अपरिपक्वतेची आहेत. नव्यानं आलेल्यानं आधी नम्रपणे ऐकावं, चर्च ही आई आहे, समज मागाहून येते. तिच्या लेखी वाढ म्हणजे आज्ञापालन. रमाबाईंचं उत्तर असं होतं, की आपण ख्रिस्ताच्या मंडळीत आलो आहोत हे खरं, पण पाद्री नि बिशप म्हणतील तो प्रत्येक शब्द मानायला बांधलेलो नाही. देवानं आपल्याला सदसद्विवेक दिलाय. एका भटशाहीचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून काढलं, ते दुसऱ्याचं घालून घेण्यासाठी नव्हे.

हे वाचताना मी टाळ्या वाजवल्या. माझ्या वयाचा, माझ्यासारखं शिकलेला कुणीही वाजवेल. अधिकाराला प्रश्न विचारणारी सत्तावीस वर्षांची बाई आपल्याला आपली वाटतेच. आणि इथेच एक सापळा आहे, असं मला पुढे वाटायला लागलं. आपण रमाबाईंना इथे गोठवून टाकतो. १८८५ ची बंडखोर रमाबाई ही खरी, आणि नंतरची, प्रार्थनेत रमलेली, बायबलमध्ये बुडालेली रमाबाई म्हणजे घसरण, असा हिशेब पुरोगामी वाचक न बोलता करतो. सश्रद्ध ख्रिस्ती वाचक बरोबर उलटा करतो: आधीची रमाबाई अहंकारी, नंतरची खरी. एका आयुष्याचे दोन तुकडे झाले आणि ज्यानं त्यानं आपापला उचलला.

रमाबाईंना स्वतःला ते एकच आयुष्य वाटत होतं.

*

या पत्रांतली एक छोटी गोष्ट मला वरचेवर आठवते. संघाकडून मिळालेल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. ती संस्कृत असावीत, असा रमाबाईंचा आग्रह. लॅटिनमध्ये असं काय आहे जे आमच्या संस्कृतमध्ये नाही? संस्कृत देवांची भाषा म्हणून नव्हे, तर माझ्या देशाची जुनी आणि सुंदर भाषा म्हणून मला हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. मुद्दा बिनतोड आहे. पण यात एक गोष्ट सुटते. संस्कृत रमाबाईंना येत होती. देशातल्या ज्या बायकांसाठी त्या झटणार होत्या त्यांना लॅटिन जितकी परकी तितकीच संस्कृतही परकी होती. क्रूसावरचं ते संस्कृत रमाबाईंच्या स्वाभिमानाचं होतं, त्या बायकांच्या गरजेचं नव्हतं. ही गोष्ट लक्षात असू द्या. तीस वर्षांनी तिचं उत्तर त्यांनी स्वतःच दिलं.

१८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. तिथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली, आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसे पुरवायचं तिनं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. धर्माचं शिक्षण द्यायचं नाही, अशी बोली होती. पाठीशी रानडे आणि भांडारकर होते. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. त्याच सुमारास पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून पुणं पेटलं होतं. मिशनऱ्यांच्या हातचा एक कप चहा पचत नव्हता तिथे एक ख्रिस्ती बाई विधवांचं वसतिगृह चालवत होती.

बाहेरून पाहिलं तर सगळं जमून आलं होतं. आणि नेमकं याच काळात, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडलाय, ख्रिस्त सापडलेला नाही. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी हे स्पष्ट लिहिलंय. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती. निमित्त झालं विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याच्या आत्मकथनाचं. हा गृहस्थ वर्षानुवर्षं लोकांना प्रवचनं देत होता, आणि एके दिवशी व्यासपीठावर उभा असताना स्वतःच्याच प्रवचनानं त्याचं परिवर्तन झालं. धर्मगुरू असूनही आपण आत आलोच नव्हतो, हे त्याला तेव्हा कळलं.

नेमकं काय बदललं? साक्ष वाचून मला जे समजलं ते असं. रमाबाईंचं बालपण पुण्याच्या हिशेबात गेलं होतं. इतकी व्रतं, इतकी तीर्थं, इतकी दक्षिणा आणि मग कधीतरी देव. त्या हिशेबात घर उपाशी मेलं. धर्म बदलला तरी हिशेब मनातून गेला नव्हता. फक्त व्रतांच्या जागी सिद्धांत आले होते. आधी मला सगळं पटू दे, मग मी योग्य ठरेन, मग तो मला घेईल. हॅस्लमच्या पुस्तकानं आणि त्या निमित्तानं पुन्हा वाचलेल्या बायबलनं त्यांना दाखवलं की पात्रता मिळवायची अटच नाही. आहे तशी ये, इतकंच. इतर वेळी हे वाक्य मिळमिळीत वाटेल. पण दक्षिणेपायी आईबाप गमावलेल्या बाईला ते कसं ऐकू आलं असेल, याचा विचार करावा.

मग १८८५ चे प्रश्न चुकीचे होते का? मला तसं वाटत नाही, आणि रमाबाईंनीही सदसद्विवेक गहाण टाकला नाही. जेरल्डीनला हवी तशी आज्ञाधारकता त्यांच्यात पुढेही कधी आली नाही. त्या कुठल्याही एका पंथाच्या झाल्या नाहीत. इंग्लंडातल्या पंथांची गर्दी पाहून डोकं गरगरल्याचं त्यांनी त्याच साक्षीत लिहिलंय. वाढ झाली, पण जेरल्डीननं आखलेल्या रस्त्यानं नाही.

तुलनेसाठी नेहेम्या गोरे पाहण्यासारखे आहेत. काशीचे नीळकंठशास्त्री गोरे १८४८ साली ख्रिस्ती झाले. त्यांचं लेखन वाचून आपली ब्राह्मो मतं डळमळली, असं रमाबाई सांगतात. गोऱ्यांना जन्मभर शंकांनी छळलं. त्यांनी आसरा घेतला तो चर्चच्या परंपरेचा आणि अधिकाराचा. आपलं मन भरवशाचं नाही, तर आपल्याहून जुन्या काहीतरीला धरून राहावं. ही वाटही प्रामाणिक आहे. तिसरी वाट ना. वा. टिळकांची. बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला. एक कोकणस्थ शास्त्री अधिकाराकडे गेला, दुसरा संस्था सोडून भक्तीकडे आला. परिपक्वतेचा एकच नकाशा असता तर हे दोघे एका ठिकाणी पोहोचायला हवे होते.

*

१८९३ साली पुण्यात भडका उडाला. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडं असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. दार लावून घ्या, एवढीच लोकांची मागणी होती. रमाबाईंनी लावलं नाही. हिंदू मुलींना त्यांचे आचार पाळायची मोकळीक आहे, मग मला माझ्या खोलीत का नाही, हा त्यांचा प्रश्न. सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. बोस्टनची मंडळी रमाबाईंच्या बाजूनं राहिली.

या प्रसंगाकडे मी बराच वेळ हट्ट म्हणून पाहत होते. आता तो मला १८८५ च्या पत्रांचा पुढचा अध्याय वाटतो. तेव्हा त्या जेरल्डीनला सांगत होत्या की माझ्या आत काय चालावं हे तू ठरवू नकोस. इथे तेच पुणेकरांना सांगत होत्या. फरक इतकाच, की तेव्हा त्यांच्याजवळ शंका होत्या आणि आता श्रद्धा. दोन्ही वेळा सांभाळलेली गोष्ट तीच.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या उपासमारीच्या बातम्या ऐकून रमाबाई तिकडे गेल्या. १८७४ मध्ये ज्या रस्त्यांवर त्या स्वतः चालल्या होत्या तसेच रस्ते, तशाच मुली. त्यांनी शेकडो मुलींना आणलं. पुणे-दौंड रेल्वेवर केडगावला जमीन घेतलेली होती, तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. शेती, विणकाम, छापखाना, दूधदुभतं, सगळं बायका चालवत.

इथे एक प्रश्न टाळता येत नाही. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ होतं, मुक्ती नव्हतं. ते उघडपणे ख्रिस्ती होतं. दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरींना तिथे जेवण, कपडे, शिक्षण आणि बायबल एकत्रच मिळत होतं. मोठ्या संख्येनं बाप्तिस्मे झाले. आपल्या मुलीला न पटलेला सिद्धांत शिकवू नका म्हणून वाँटेजशी भांडलेल्या आईच्या हाताखाली आता शेकडो मुली होत्या, आणि त्यांच्या वतीनं असं पत्र लिहिणारी आई बहुतेकींना उरलेली नव्हती. त्या मुलींना नाही म्हणायची कितपत मुभा होती? भुकेनं मेलेल्या घरातून आलेल्या पोरीला हात देणाऱ्याच्या देवाला नाही म्हणता येतं का? रमाबाईंवर माझी कितीही माया असली तरी हा प्रश्न त्यांना विचारायलाच हवा, कारण विचारायला त्यांनीच शिकवलंय. मला इतकंच दिसतं की त्यांनी त्या मुलींना फक्त वाचवून ठेवलं नाही, हातात कामं आणि अक्षरं दिली. यानं प्रश्न मिटत नाही.

*

पुढची घटना माझ्यासारख्या वाचकाला सगळ्यात अवघड जाते. १९०४ च्या सुमारास वेल्समध्ये मोठं धार्मिक पुनरुज्जीवन झाल्याच्या बातम्या येत होत्या. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुक्तीत रोज प्रार्थनेसाठी बायका जमवायला सुरुवात केली. सुरुवातीला सत्तर होत्या, बघता बघता साडेपाचशे झाल्या. जूनच्या अखेरीला भरती आली. मुली रडत, मोठ्यानं पापं कबूल करत, शेकडोजणी एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करत. काहीजणी अनोळखी भाषांत बोलू लागल्या. त्यांच्या सहकारी मिनी अब्राम्स यांनी त्यावर पुस्तिका लिहिली, ती दूरदूरच्या देशांत वाचली गेली. पेंटेकॉस्टल चळवळीचा जागतिक इतिहास लिहिणारे अभ्यासक आज केडगावचं नाव घेतात.

अथानासियसच्या मतांगीकारातला शब्द न् शब्द तपासणारी पंडिता या कल्लोळात काय करत होती? काही गोऱ्या मिशनऱ्यांना हा प्रकार बेशिस्त वाटला. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. हिंदी बायकांना त्यांच्या पद्धतीनं प्रार्थना करू द्या, पाश्चात्त्यांचा शिष्टाचार त्यांच्यावर लादू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि दुसऱ्या बाजूनं, असं घडलं तरच श्रद्धा खरी, अशी अटही त्यांनी घातली नाही. मला इथे पुन्हा १८८५ आठवतं. तेव्हा सत्तावीस वर्षांची बाई स्वतःच्या आतल्या आवाजासाठी भांडत होती. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती दुसऱ्यांच्या आवाजासाठी भांडत होती, तो आवाज तिच्या स्वभावाशी जुळत नसला तरी. परिपक्वता या जड शब्दाचा मला कळलेला अर्थ साधारण इथे आहे.

आणि आता ते क्रूसावरचं संस्कृत.

याच वर्षांत रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराला हात घातला. मराठी बायबल उपलब्ध होतं. पण त्याची मराठी संस्कृतप्रचुर होती. शिवाय त्यातल्या अनेक शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचा जुना अर्थ चिकटलेला आहे, ते वाचून साध्या बाईला भलताच बोध होईल, असं रमाबाईंचं मत होतं. म्हणून वयाच्या पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मुळातून भाषांतर करायला लागल्या, आणि भाषा धरली ती मुक्तीतल्या बायकांना कळेल अशी साधी. कलकत्त्याच्या पंडितांनी जिला सरस्वती म्हटलं होतं ती बाई एकेका वाक्यातून संस्कृत वेचून बाहेर काढत होती. लॅटिनच्या जागी संस्कृत मागणारी तरुणी चूक नव्हती, ती निम्म्या वाटेवर होती. पूर्ण वाट म्हणजे ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांची भाषा. त्यासाठी स्वतःची सगळ्यात मोठी मिळकत खाली ठेवावी लागली.

मी रोज जे लिहिते त्यात दर बदलाची नोंद राहते: कोणत्या दिवशी कोणती ओळ गेली आणि कोणती आली. जुन्या प्रकल्पाची अशी नोंदवही उलगडली की एक गोष्ट दिसते. चांगल्या बदलात भर घालण्यापेक्षा काढून टाकणं जास्त असतं. रमाबाईंच्या १८८३ नंतरच्या चाळीसेक वर्षांत मला तसंच दिसतं. आधी पुरोहितांची भीती गेली, मग पात्रतेचा हिशेब गेला, मग लोकमताचा आधार गेला, मग पांडित्याचा दागिना गेला. पांढरं लुगडं, शाकाहार आणि सदसद्विवेक मात्र शेवटपर्यंत राहिले.

हे भाषांतर साहित्य म्हणून फारसं गाजलं नाही. बायबल सोसायटीच्या भाषांतराची जागा त्यानं घेतली नाही. आज ते अभ्यासकांपलीकडे क्वचितच कुणी वाचतं. यशाच्या नेहमीच्या मापानं मोजलं तर आयुष्याची शेवटची सुमारे सतरा वर्षं एका न चाललेल्या पुस्तकावर गेली. १९१९ साली सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं, ते समाजकार्यासाठी. रमाबाईंच्या लेखी मोठं काम कोणतं होतं, हे त्यांनी वेळ कुठे घातला त्यावरून कळतं.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईनं ज्या मुलीच्या श्रद्धेसाठी एका संघाशी भांडण घेतलं होतं ती पुढे आपण होऊन आईच्या कामात आली होती आणि मुक्तीचा भार तिच्यावरच पडणार होता. रमाबाई काम करत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ ला त्याही गेल्या. संपूर्ण बायबल छापून निघालं १९२४ साली, केडगावच्याच छापखान्यात. खिळे जुळवणाऱ्या त्या बायकांमध्ये दुष्काळात उचलून आणलेल्या कितीतरीजणी होत्या. मुक्तीत येण्याआधी त्यांना अक्षर ठाऊक नव्हतं. आता एकेक खिळा उलटा वाचून त्या ओळ जुळवत होत्या आणि चुकलेली ओळ सोडून पुन्हा लावत होत्या.